सायकल टाकव्यापर्यंत गेली

तिकोणा पेठ,
गुरुवार, दुपार

प्रिय रतन,

सप्रेम जयभीम. रोज फोनवर दिसणाऱ्या माणसाला पत्र कसलं लिहायचं, असं तुला वाटेल. पण फोनवर आई शेजारी बसलेल्या असतात आणि मी 'अहो, जेवलात का' याच्या पुढे जात नाही. कागदावर तरी तुला कॉलेजातल्यासारखं अरे-तुरे करता येतं.

आधी चांगली बातमी. सायकलची बॅटरी तयार झाली. सेल जोडायला मी लोणावळ्यात सारिकाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसत होते, सेलना जोडणारी धातूची पट्टी चिकटवायचं मशीन तिच्याकडेच आहे. तू शिकवल्याप्रमाणे चार-चार सेलचे गट केले, एक गट सुलटा, पुढचा उलटा. गडबड नको म्हणून प्रत्येक सेलच्या अधिक टोकाला लाल नेलपॉलिश लावलं. सारिका हसली, पण नंतर तीही मशीनवर हात ठेवण्याआधी लाल ठिपका बघायला लागली. एकदा मात्र पट्टी माझ्या हातून सरकली आणि दोन्ही टोकांना टेकली. क्षणात लालबुंद झाली. सारिकाने पकडीने ओढून काढली, तोवर माझा अंगठा भाजला होता. ती म्हणाली, राहिलेलं मी करते. मी नाही म्हटलं. तू सुरू करून दिलेलं काम दुसऱ्याच्या हातून पुरं व्हावं, हे मला नको होतं.

शेवटी प्रत्येक गटावर लक्ष ठेवणाऱ्या त्या बारीक तारांची ओळ लावली. मीटर धरून एकेक बघत गेले, आकडा पायरी पायरीने चढत गेला, कुठेच अडला नाही. मग बॅटरी तुझ्या जुन्या सायकलला बसवलेल्या मोटरला जोडली आणि मूठ पिळली. मागचं चाक हवेत नुसतं भिरभिरलं. मी फोन काढून तुला लावला. लागला नाही. सारिकाकडे गिऱ्हाईक आलं होतं. घरी येऊन आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आता वाडीवरनं लवकर येशील व्हय?" इतकंच. धरणाकाठी पुण्याच्या पोरांचे तंबू लागले होते, त्यांची गाणी ऐकत मी ओट्यावर बसून राहिले. रतन, तू मस्कतला गेल्यापासूनच्या तीन वर्षांत मला सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते. आशाताई म्हणून मी घराघरांत जाते, बाळंतिणींची विचारपूस करते, लोक चहा देतात, बोलतात. घरी परतल्यावर मात्र दिवसभरात काय झालं हे ऐकायला कोणी नसतं. आईंना आता नीट ऐकू येत नाही. कधी कधी मी ताटावर बसून स्वतःशीच बोलते.

सोमवारी सुट्टी घेतली आणि सायकल लांब नेली. तुझ्यासोबत मस्कतला एकाच खोलीत राहणारा हनुमंत रजेवर टाकव्याला आलाय, असं कळलं होतं. त्याच्याबरोबर तुला डबा पाठवावा म्हणून बोंबलाची चटणी केली, नाचणीचे पापड बांधले. पवनानगर, कामशेत, सगळे चढ पायडल न मारता चढले. वाटेत ओळखीची माणसं थांबून बघायची, तेव्हा मी सांगायचे, आमच्या मिस्टरांनी तिकडनं फोनवर बॅटरी जोडायला शिकवली.

हनुमंत शेतावर होता. त्याच्या आईने, सरूबाईंनी, पाणी दिलं. मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, हे तेवढं मस्कतला यांच्याकडे द्या. त्यांनी पिशवी घेतली नाही. मग म्हणाल्या, "पोरी, रतन तर दिवाळीच्या आधीच आला न्हवं माघारी? आमचा हनुमंताच म्हणला. तुमच्याकडं न्हाई का तो?"

मी पिशवी शेजारी ठेवून हनुमंताची वाट बघत बसले. थोड्या वेळाने हनुमंत आला आणि मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. तुझी कंपनी बंद पडली, हनुमंत दुसऱ्या कंपनीत म्हणून तो तिकडे राहिला. तुझ्यासकट कितीतरी जणांना परत पाठवलं. जाताना गावाने तुला हार घालून निरोप दिला होता, त्या गावात रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तू खोपोलीला उतरलास आणि एका कारखान्यात रखवालदार म्हणून राहिलास. हनुमंत म्हणाला, "वैनी, त्यानं मला शपत घातलीती." मी त्याला दोष दिला नाही. पिशवी उचलली आणि निघाले. येताना पवनानगरच्या अलीकडे बॅटरी संपली, पुढे घरापर्यंत पायडल मारत आले.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. संध्याकाळी मी सेल हातात धरून विचारायचे, आता कुठली पट्टी? आणि तू घाटाखाली बसून मला सांगायचास. लोणावळ्यातल्या त्या दुकानापासून तासाभराच्या अंतरावर. नोकरी गेली याचं मला काहीच वाटलं नाही रे. तू इतक्या जवळ एकटा जेवत होतास आणि मी इथे एकटी जेवत होते, याचं वाटलं. तुला माझी लाज वाटली असती तरी समजलं असतं, पण तुला माझ्यासमोर स्वतःची लाज वाटली.

पाकिटावरचा खोपोलीचा पत्ता बघून मला कळलंय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तो हनुमंतानेच दिला. फोनवर हे बोलले असते तर तू पुन्हा काहीतरी सांगितलं असतंस आणि मी ते खरं मानलं असतं, म्हणून लिहिलं. आईंना अजून काही बोलले नाही, ते तूच सांग. गाव दोन दिवस बोलेल आणि गप्प बसेल. रविवारी मी कुठल्याच वाडीवर जात नाही, जेवायला थांबेन. फक्त एक कर. मस्कतहून आल्यासारखा नवी बॅग आणि चॉकलेटं घेऊन येऊ नकोस. खोपोलीहून ये.

तुझीच,
यशोधरा