फळीवरचे देव आणि खालच्या मजल्यावरचे बंबवाले

तीर्थरूप आत्यास,

चष्म्यासकट साष्टांग नमस्कार (चष्मा काढला तर पाय कुठे आहेत ते दिसत नाही). तुझा गुडघा कसा आहे? "ठीक" असं लिहू नकोस. ठीक गुडघ्याची माणसं जिना उतरताना कठड्याशी बोलत नाहीत. इकडे सगळे बरे. तुझी भाचेसूनही बरी आहे, फक्त हल्ली ती माझ्याकडे डॉक्टर पेशंटकडे बघतात तशी बघते. का, ते सांगायलाच हे पत्र.

मी देवपूजा सुरू केली आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच. तुझ्या भावाच्या घरात, तुला माहीतच आहे, देवाचं नाव फक्त ठेच लागल्यावर निघायचं. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर सुरुवात कुठून करावी हेच मला कळेना. एकच देव असता तर सोपं होतं. गावात दुसरं दुकानच नसलं की माणूस मुकाट्याने तिथेच जातो. इथे विद्येची देवी वेगळी, पावसाचा देव वेगळा, उंबऱ्याचा आणखी वेगळा. मोठ्यांना आधी बसवावं तर धाकटे रुसणार, आणि सगळ्यांना बसवलं तर आम्ही कुठे बसायचं? आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना विचारलं, तर त्यांनी गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवावी तसा आधी सगळ्यात भारी देव पुढे केला. शेवटी मी माझ्या धंद्याला शोभेल तेच केलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरून "हे बरं दिसतं की हे?" असं विचारतो ना, तसं रोज सकाळी एकेकासमोर बसून पाहिलं. विद्येच्या देवीसमोर गृहपाठ राहिल्यासारखा घाम फुटला. पावसाच्या देवासमोर शिंका आल्या (त्यात त्याचा दोष नसावा). उंबऱ्याच्या देवासमोर मात्र बरं वाटलं. त्याच्याकडे काही मागावं लागत नाही. जाताना "येतो" आणि परतल्यावर "आलो" एवढं सांगितलं की झालं. पहिला मान त्याला दिला. देवीलाही ठेवून घेतलं, कारण तिला परत पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

जागा मिळाली ती स्वयंपाकघरात, फ्रीजच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्याशेजारी. त्या फळीच्या बरोबर वर, छताला, धूर लागला की वाजणारा भोंगा आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. उत्साहाच्या भरात मी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला आणि भोंग्याने असा टाहो फोडला की अख्खी इमारत जागी झाली. आमच्या खालच्या मजल्यावर आगीच्या बंबावर जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. ते लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत आले, आणि मी तोंड उघडायच्या आत देवी, उंबऱ्याचा देव, मी आणि बिस्किटं अशा सगळ्यांना एका बादलीत अभिषेक झाला.

मला वाटलं, आटोपली आपली भक्ती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बंबवाले पुन्हा दारात. या खेपेला बादली नव्हती. फळीकडे बघत त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अग्नीला जागा आहे का. मला वाटलं तपासणीला आलेत. म्हटलं, छे, आता मी काहीच पेटवत नाही.

"तसं नाही हो," ते म्हणाले. "आयुष्यभर त्याच्याशी भांडलो. माझा एक जोडीदार त्याने नेला. घरी गेलो की चहा मात्र त्याच्यावरच उकळायचा. एकदा त्याच्यासमोर शांत बसून बोलावं म्हणतो."

मग फळीवर पाण्याच्या ताटलीत एक लहानसा दिवा आला. आता ते रोज येतात, स्टुलावर बसतात, ओठ हलतात. काय बोलतात ते मी विचारत नाही. जाताना ज्योत स्वतः विझवतात आणि वात गार झाल्याची खात्री करूनच जिना उतरतात.

तुझ्या सुनेचा यातल्या कशावरच विश्वास नाही. पण परवा ऑफिसला निघताना ती दारात थांबून हळूच म्हणाली, "येते. दुपारच्या मीटिंगकडे जरा लक्ष असू दे." कुणाशी बोललीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बिस्किटांच्या डब्याशी."

मंत्र मला अजून एकही धड येत नाही. पण सकाळी थोडा वेळ गप्प बसल्यामुळे दुकानात काचा कमी फुटतात, असं मालकांचंही मत पडलं आहे.

तुझा नवशिका भाचा

ता. क. डॉक्टरांनी तुला एकटीने राहू नकोस म्हटल्यापासून तू एकच कारण पुढे करतेस: देव नसलेल्या घरात माझे देव कसे राहतील? आता ते कारण उरलेलं नाही. सगळ्यांना घेऊन राहायलाच ये. सुताराकडून फळी लांब करून घेतली आहे. बंबवाले विचारतात, आत्यांकडे पाण्याचं कुणी दैवत आहे का. असल्यास अग्नीशेजारी बसवू, म्हणजे त्यांना निवांत झोप लागेल.

आणखी एक ता. क. खरं सांगतो, तुला इथे आणायची युक्ती म्हणूनच मी हे सुरू केलं. पण काल तापाने अंथरुणात होतो, घरात कुणी नव्हतं, तरी उठून भिंतीला धरत दिवा लावून आलो. त्यामुळे तू नाही म्हणालीस तरी पूजा काही आता बंद होत नाही. नाही म्हणू नकोस मात्र.