माझ्या नावाच्या पेट्या

विजयदुर्ग, १४ मे १९५८

मुंबईच्या दलालाचं पत्र: तुमच्या पेट्यांत कोवळा आंबा निघाला, पुन्हा पाठवू नका. अरे, या आठवड्यात मी एकही पेटी पाठवलेली नाही! मग आठवलं. पेटीवर माझं नाव रंगवायचा पत्र्याचा साचा शेजारच्या बाबल्याने उसना नेला होता, "माका तसोच करूचो आसा" म्हणून. आणि मी शहाणीने दिला.

तशीच त्याच्याकडे गेले. म्हणतो कसा, "वैनी, नुसता नाव वापरलंय. तुमचा काय चोरलंय?"

"माजी पत!" म्हटलं आणि साचा ओढून घेतला. घरी येऊन कोयत्याने त्याचे तुकडे केले.

दलालाला लिहिलं, या पत्रातलं अक्षर नीट बघून ठेवा. यापुढे पेटीवर तेच असेल. नसेल तर पेटी माझी नव्हे. बोटं दुखतील, दुखोत.

साचा नेलास, बाबल्या. आता माझा हात नेऊन दाखव.