दत्तक कुत्रा घरीच राहू देऊन माझी गादी मोकळी करून मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
श्वान दत्तक व प्रशिक्षण विभाग,
नगर कार्यालय, तळमजला.

विषय : दत्तक कुत्रा परत नेण्याची नोटीस रद्द करणेबाबत, तसेच माझ्या गादीबाबत.
संदर्भ : आपल्या विभागाने काल आमच्या दारावर चिकटवलेली नोटीस.

महोदय,

आपल्याच निवाऱ्यातून माझ्या आईने एक तपकिरी कुत्रा दत्तक घेतला. आई त्याला 'धाकटा' म्हणते. मी तिचा थोरला. धाकट्याची आणि माझी खोली एकच आहे, हे पुढील मजकूर समजण्यासाठी आवश्यक आहे.

२. धाकटा आल्या आल्या मोजे पळवू लागला. ओढून घ्यायला गेले की गुरगुरायचा. तेव्हा आपले प्रशिक्षक, ज्यांना गल्लीत 'टकटक मास्तर' म्हणतात, घरी आले. त्यांनी आईला दाबल्यावर 'टक्' वाजणारे एक बटण दिले. "ओरडायचं नाही, मारायचं नाही. त्याने वस्तू सोडली की टक्, आणि लगेच बक्षीस." बक्षीस म्हणजे उकडलेल्या कलेजीचा तुकडा. सरावाची जागा रोज एकच हवी, असेही ते म्हणाले. आईने माझी गादी सुचवली. माझे मत विचारण्यात आले नाही.

३. पद्धत शास्त्रशुद्ध असल्याचे मी मान्य करतो. धाकटा मोजा सोडायला शिकला. मात्र सोडण्यासाठी आधी काहीतरी तोंडात असावे लागते, हेही तो शिकला. मोजे कपाटात बंद झाल्यावर तो माल बाहेरून आणू लागला.

४. इथे आईचे चुकले. मोजा आणला तर ती लहान तुकडा द्यायची. मेलेला उंदीर आणला तेव्हा तिची बोबडी वळली आणि तो एकदाचा सुटावा म्हणून तिने वाटीतला सर्वांत मोठा तुकडा पुढे केला. धाकट्याने भाव ओळखला. त्यानंतर माझ्या गादीवर आलेल्या वस्तू : कुणाच्या तरी गुडघ्यावरची पिवळी पडलेली पट्टी, भरलेले डायपर, कबुतराचा मागचा अर्धा भाग. पुढचा अर्धा त्याने दुसऱ्या दिवशी आणला, कारण एकदम आणला असता तर एकच तुकडा मिळाला असता. गादी उन्हात टाकली तेव्हा समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

५. मास्तर म्हणाले, "दुर्लक्ष करा. बक्षीस बंद झालं की सवय आपोआप मरते." आम्ही दुर्लक्ष केले. धाकट्याला वाटले, माल कमी पडतोय. त्याने दर्जा वाढवला. मी अंथरुणात पडून ज्या गोष्टींकडे दुर्लक्ष केले त्या इथे लिहिल्यास आपला कारकून अर्ज हातात धरणार नाही. शेवटी त्याने शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी आणली, न्याहारीच्या अवशेषांसह. बाई दारात येऊन दातांशिवाय जे बोलल्या त्यातले निम्मेच कळले, पण तेवढे पुरे होते. आईने हाय खाल्ली, टक् वाजवले आणि वाटीच रिकामी केली. मास्तर म्हणाले, "घ्या, आता तुम्ही त्याला चिकाटी शिकवलीत."

६. बाईंच्या तक्रारीवरून आपण कुत्र्याला 'चोरटा व सुधारण्यापलीकडचा' ठरवले आहे आणि सोमवारी नेणार आहात. महोदय, आपल्या विभागाने जे शिकवले ते आमच्या घरात फक्त त्यालाच नीट आले. मला त्याची किळस येते. त्याचे तोंड जवळ आले की मी भिंतीकडे वळतो. तरीही तो आपल्या पिंजऱ्यात काहीतरी तोंडात धरून टक् वाजायची वाट बघत बसेल, याची मला जास्त किळस येते.

७. तरी नोटीस रद्द करावी. शिकवणी कुत्र्याची थांबवून आईची सुरू करावी : तो रिकाम्या तोंडाने आला तर मोठा तुकडा, घाण घेऊन आला तर अगदी छोटा, आणि चेहरा निर्विकार. सरावाची जागा मास्तरांची गादी असावी.

८. हे तातडीने व्हावे. आज सकाळी धाकट्याने आपली नोटीस दारावरून उचकटून गादीवर आणून ठेवली. आईने ती पुन्हा एकदा वाचली, डोळे पुसले आणि त्याला आजवरचा सर्वांत मोठा तुकडा दिला. दुपारपर्यंत परिणाम दिसू लागला. कागदपत्रे जोडत आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून, नाक दाबून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
थोरला
दिनांक : नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१. आपली नोटीस (मूळ प्रत, कडा ओल्या).
२. गल्लीतील इतर सर्व दारांवरच्या नोटिसा. कृपया पुन्हा चिकटवताना उंचावर चिकटवाव्यात.
३. आपल्याच कार्यालयाच्या फलकावरील एक कागद : मास्तरांच्या बढतीचा आदेश. यावर धाकट्याला अद्याप काहीही दिलेले नाही. तो बसून आहे.