गाडीच्या डोक्यावरचं कुंकू

बाबा, तुमची काळी गाडी भंगारात द्यायची नाही, असं मी ठरवलं आहे. तुमचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, म्हणतात, "कालेज सोडलं न् आता हे खटारं घेऊन बसला. डोकस्कं फिरलं पोराचं." फिरलं तर फिरलं. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हापासून ती गुरांच्या कोठ्यात भाताच्या तणसाच्या आडोशाला उभी आहे, आणि मला ती रविवारच्या आत कारध्याला न्यायची आहे. तिथं एक मुलगी आहे, भंडाऱ्याच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. मागणी घालायला गेलो, तर तिच्या वडिलांनी मला अंगणातच अडवलं, "शिक्षण सोडलं, मंग करता काय?" माझं डोकं तापलं. म्हणालो, "टॅक्सी चालवतो. घरची गाडी आहे." रविवारी तिला बघायला दुसरे पाहुणे येताहेत. त्याआधी माझं बोलणं मला खरं करून दाखवायचं आहे.

अड्याळच्या बाजाराचा एक दिवस आठवतो. गाडी अडली आहे, सवाऱ्या कुरकुरताहेत, तुम्ही बोनेटमध्ये वाकला आहात आणि मी चिडून चाकाला लाथ मारतो. तुम्ही माझा कान धरता. "लाथेनं दार लागते, इंजन नाई. कुठवर बरोबर आहे ते पाह्य. बिघडलेलं मंग आपोआप सापडते."

तसंच बघत गेलो. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, कार्बोरेटर धुतला. पेट्रोल नीट येत होतं. मोठेबाबांच्या ट्रॅक्टरची बॅटरी न विचारता आणून जोडली. इंजिन फिरलं, पण पेट घेईना. ठिणगीचे पॉइंट घासले. कॉइलची वायर इंजिनाजवळ धरली तर कडक ठिणगी. प्लगपाशी मात्र काहीच नाही. म्हणजे ठिणगी मधेच कुठंतरी पळत होती. मायला तुमच्या सीटवर बसवलं. "माय, चाबी फिरव." दिवस कलला होता, कोठ्यात अंधारून आलं होतं, म्हणून दिसलं. जिथून चारी प्लगांना वायरी जातात, त्या काळ्या टोपणावर हळद-कुंकवाचा जाड, ओलसर थर होता आणि निळी ठिणगी त्यावरून सरपटत होती.

"हे कोनं लावलं?" मी ओरडलोच.

"मी. दरसाल दसऱ्याले."

"अन् इथंच काहून?"

"तुह्या बाबानंच सांगतलं होतं, हे गाडीचं डोकस्कं आहे म्हनून. कुकू मंग कुठं लावू, चाकाले?"

मी पेट्रोलचा फडका उचलला, तर तिनं माझा हात धरला. तुम्ही गेल्यापासून तिनं कपाळाला कुंकू लावलं नाही. लग्नाघरी करंडा फिरायला लागला की ती मागच्या दारानं निघून जाते, हे मी लहानपणापासून पाहतो आहे. बाबा, मी इतका तापट, पण तेव्हा हिसका दिला नाही. हात मात्र मी मागे घेतला नाही. शेवटी तीच म्हणाली, "आन इकडं. तू पुसू नको. एकदा लोकायनं पुसलं, आता मी पुसतो." आणि तिनं ते टोपण मांडीवर घेऊन, बाळाचं तोंड पुसावं तसं, एकेक खाच साफ केली. "येत्या दसऱ्याले बोनेटवर लावीन," ती म्हणाली. "तिथं तं काई अडत नाई न तुह्या गाडीचं?"

टोपण बसवलं. तिनं चाबी फिरवली. इंजिन दोनदा खोकललं, काळा धूर सोडला आणि सुरू झालं. माय स्टिअरिंग धरून बसून राहिली, ओठ हलत होते. तुमच्याशीच बोलत असणार.

सकाळी निघतो आहे. हे पत्र टाकायला पेटी कुठली, म्हणून इथंच थांबवतो. पण खरं सांगतो, गाडी सुरू झाली तेव्हा मला तुमची आठवण आली नाही. कारध्याच्या त्या अंगणात गाडी वळेल का, एवढंच मनात होतं.