तुमच्या खुर्चीवरचा रुमाल

शेफालीच्या बाबांना,
भर समुद्रातून सप्रेम नमस्कार.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. तुमची लेक, जावई आणि मी मजेत आहोत. बोट म्हणजे आपली अख्खी बिबवेवाडीच पाण्यावर तरंगतेय, फक्त हॉर्न नाहीत. मला एकदाच मळमळलं, ते आवळासुपारीने थांबलं.

काल मी सांताक्लॉजचा हात धरून नाचले. हसू नका, जावईबापूंनी व्हिडिओ काढलाय.

एक गंमत सांगते. पहिल्या दिवशी जेवायला बसले आणि सवयीने शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला, स्वारगेटला एसटीत टाकतो तसा. वेटर फ्रान्सिसला वाटलं, चुकून पडलाय. त्याने घडी करून परत दिला. मी पुन्हा टाकला, त्याने पुन्हा दिला. शेवटी म्हटलं, "राहू दे रे. आमच्या ह्यांची जागा आहे. अँजिओप्लास्टी झाल्यामुळे डॉक्टरांनी येऊ दिलं नाही."

रात्रीची गोळी घेता ना? जिना सावकाश उतरा. शेजारच्या सुगराबींनी डबा पाठवला तर रिकामा परत करू नका, निदान चिमूटभर साखर घाला.

आज नाताळ. जेवायला गेले, तर तुमच्या खुर्चीवर आधीच रुमाल होता, कोरा पांढरा, फ्रान्सिसने टाकलेला. समोर तुमचं ताट मांडलेलं आणि त्यात केकचा मोठा तुकडा.

केक मी खाल्ला. तुम्हाला गोड बंद आहे.

लोभ असावा, पथ्यही असावं.

तुमची,
मंदाकिनी