वीस गुंठे द्राक्षं आणि बांधालगतची पडीक पट्टी

मी, जयराम हरी पष्टे, वय ७२, धंदा शेती, राहणार किन्हवलीजवळ, तालुका शहापूर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. हात थरथरतात म्हणून टाइप करणारी मैनाची नात समीक्षा आहे; डोकं माझंच आहे.

१. राहतं घर बहीण मैना हिला. मला मूलबाळ नाही, पत्नी रखमी नऊ वर्षांपूर्वी वारली. मैनाला माहेरचं दार उघडं असावं. घरात बोलणारा फक्त रेडिओ आहे, तोही तिनेच घ्यावा. मध्येच गप्प झाला तर चापट मारावी.

२. घाटाखाली द्राक्षं होत नाहीत, असं सारं गाव म्हणालं. मी वीस गुंठ्यांवर, विषारी औषधाचा थेंब न मारता, ती केली. घाटावरच्या एका वायनरीने सेंद्रिय म्हणून माल घेतला आणि पहिल्या वाइनच्या दोन बाटल्या पाठवल्या. एक रखमीने चाखली. "याच्यापरीस कोकम बरा," म्हणाली. दुसरी अजून बंद आहे.

३. माळ्यावरचा फवारणीपंप धाकटा भाऊ जीवन याचा आहे, तो त्याला परत द्यावा. रखमी ठाण्याच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा इकडे अवकाळी पाऊस पडून पानांवर रोग आला. जीवनने मला न विचारता बागेत औषध मारलं. "दादा, बाग जात होती. मला बघवला नाय," एवढंच म्हणाला. सेंद्रियचा दाखला गेला, तो परत मिळायला तीन वर्षं लागली. मी पंप हिसकावून घेतला आणि बोलणं टाकलं. खरं सांगायचं तर राग रखमी गेल्याचा होता. मरणाशी भांडता येत नाही. भाऊ बांधापलीकडेच होता.

४. द्राक्षबाग, छाटणीची कात्री आणि ती बंद बाटली जीवनला. यंदा दाखल्याच्या तपासणीला आलेल्या बाईंनी फाइल उघडून दाखवली. शेजाऱ्याचं हमीपत्र लागतं, ते त्यांचा माणूस परस्पर नेत असे. त्यावर दर वर्षी जीवनची सही: बांधालगत दहा हात भात लावणार नाही, औषध मारणार नाही. ती पडीक पट्टी मी त्याचा आळस समजत होतो आणि गावभर तसं सांगतही होतो. ते सगळे शब्द मी परत घेतो.

मैना म्हणते, "एक हाक मार रे दादा, तो बांधावरच असतो." दोनदा बांधापर्यंत गेलो. दोन्हीदा वेली बघायला आल्यासारखं करून मागे फिरलो.

सही: जयराम हरी पष्टे
साक्षीदार: १. साईनाथ विशे २. सोनाली निमसे
ठिकाण: किन्हवली. दिनांक: २२ सप्टेंबर २०२५

सही झाल्यावर सुचलं ते: मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. पण फळछाटणी दसऱ्यानंतर लगेच आहे, आणि माझ्या हातात आता कात्री राहत नाही. तरी समीक्षाने याची एक नक्कल आजच बांधापलीकडे नेऊन द्यावी.