प्लम क्रीकचा वजनकाटा

मी, फिलेना ऑर्डवे, दिवंगत ऑरिन ऑर्डवे यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार प्लम क्रीक, कॅन्सस, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि माझ्या हाताने लिहून ठेवते. शाळेत मी दोनच हिवाळे गेले, तेव्हा अक्षराला हसू नये. डोकं ठिकाणावर आहे. नाही असं सूनबाई म्हणते, पण तिचं मत कोर्टात चालत नाही.

कलम पहिले. घर, शेत आणि दोन्ही गाई माझा मुलगा लायमन याला. तांबडी गाय लाथ मारते, हे त्याला आधी सांगू नये.

कलम दुसरे. बँकेत जे थोडंफार असेल त्यातून माझं दफन व्हावं आणि लोकांना जेवण घालावं. कोंबडी पुरेशी असावी. ऑरिनच्या वेळी कमी पडली, ते मला अजून टोचतं.

कलम तिसरे. माझे दीर वॉल्टन यांनी नव्वद साली, सगळा गाव शेतकऱ्यांच्या लोकपक्षाच्या मागे असताना, रेल्वेवाल्यांच्या माणसाला मत दिलं आणि वर जेवायला आमच्याकडेच आले. त्यांना ऑरिनची छत्री द्यावी. तिला भोकं आहेत.

कलम चौथे. हे नीट वाचावं. अंगणातला गाड्यांचा वजनकाटा, त्याच्या कडेची झोपडी आणि रस्त्यापासून तिथवरची वाट माझी नात हेटी हिला. लायमनचा त्यावर हक्क नाही. तो काटा भंगारात काढायचं म्हणतो. "आई, संघ मोडला, पक्ष बुडाला, आता कोण येतंय तोलायला?" असं विचारतो.

येतात. म्हणून तर लिहिते.

हा काटा शेतकरी संघाने घेऊन आमच्या अंगणात बसवला, कारण कोठारवाला व्यापारी वजन मनातल्या मनात धरायचा आणि कागदावर भलतंच मांडायचा. आमचा नियम एकच होता, गाडी फळ्यांवर उभी राहिली की काट्याची दांडी सांगेल ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं पुकारायचं. पुकारायचं काम माझ्याकडे, कारण माझा आवाज. ऑरिन म्हणायचा, "तुला नुसती दारात उभी केली तरी रेल्वे थांबेल."

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात आमचे शेजारी निल्स एकडाल मक्याने भरलेली गाडी घेऊन कोठारावर गेले. "वजन मोठ्याने सांग," म्हणाले. तिथला माणूस म्हणाला, "काटा माझा, तोंड माझं." निल्सभाऊंनी गाडी फिरवली आणि आमच्या काट्याकडे निघाले. वाटेत बर्फाच्या वादळाने गाठलं. सकाळी घोड्यांनी गाडी आमच्या अंगणात आणली. निल्सभाऊ बसलेले, लगाम हातात, अंग लाकडासारखं. मागची फळी निसटलेली. मका सगळा वाटेवर सांडून बर्फाखाली गेलेला. गाडीत एक कणीस नाही.

तेव्हापासून बर्फ पडायला लागला की तिन्हीसांजेला ते येतात. घोडे फुरफुरतात, काट्याच्या फळ्या करकरतात. दांडी मात्र जागची हलत नाही.

"किती भरलं, फिलेनाताई?"

"काही नाही हो, निल्सभाऊ."

"बरं. मग थांबतो."

किती अदबीने बोलतात! मला भीती वाटत नाही. ऑरिन गेल्यावर हिवाळ्यात माझ्याशी इतकं सरळ बोलणारं दुसरं आहे कोण? पण त्यांच्या भुवयांवर बर्फ असतो आणि तो वितळत नाही. ते बघवत नाही.

ऑरिनला मी एकदा म्हटलं होतं, "एक आकडा सांगून टाकते. जाईल बिचारा घरी."

"अगं, जिवंत माणसाला कधी खोटं वजन सांगितलं नाहीस, आणि मेलेल्याला सांगणार?"

ते पटलं. म्हणून निल्सभाऊ अजून थांबलेत, आणि मी गेल्यावर काटाही गेला तर थांबायला जागा उरणार नाही. गेल्या हिवाळ्यात हेटी माझ्याजवळ मोजे विणत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, अंगणात गाडी कुणाची गं?" लायमन समोरच होता, त्याला काही ऐकू आलं नाही. काटा हेटीला देण्याचं कारण एवढंच.

कलम पाचवे. मला थेट कबरीकडे नेऊ नये. अंगणातल्या काट्यावर रिकामी पेटी आधी तोलावी, मग मला घालून तोलावी, आणि पेटीचं वजन वजा करावं. लाकडाचं वजन धान्यात धरणं हा व्यापाऱ्याचा धंदा. मी उन्हाळ्यात गेले तर निल्सभाऊ यायचे नाहीत, तेव्हा सरळ पुरावं आणि बर्फ पडेपर्यंत मला ठेवू नये, हे खरं. पण तसं होऊ नये म्हणून मी हिवाळ्यातच जायचं ठरवलंय. सूनबाई लोणी कमी खा म्हणते. मी उलट वाढवलंय, कारण भरगच्च वजन द्यायचं आहे.

बर्फ पडत असताना तिन्हीसांज झाली की हेटीने दांडीवरचं खरं वजन पुकारावं आणि म्हणावं, "हे निल्स एकडाल यांच्या नावे."

त्यानंतर कोणी बोलू नये, खोकूसुद्धा नये. निल्सभाऊंची गाडी अंगणातून बाहेर पडल्याचा आवाज हेटीला येईल. तिने मान हलवली की मला उचला.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

फिलेना ऑर्डवे

साक्षीदार: १. इलायजा प्रॅट, सुतार (पेटी हेच करतील, वजन कबूल आहे)
२. ओडेसा क्विन, शेजारीण

मुक्काम प्लम क्रीक, तारीख ११ नोव्हेंबर १८९९